दाजी, हे काय खरं न्हाई

आमच्या घरात मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधल्या फुटबॉल क्लबचे दोन समर्थक राहतात. एक मी, दुसरा माझा मेहुणा. मी सकारात्मक विचारांचा आहे. मेहुणा कोल्हापूरचा आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याला चाकणला नोकरी लागली आणि 'खोली मिळेपर्यंत' म्हणून तो कोथरूडला आमच्याकडे आला. खोली अजून मिळायची आहे. तोवर हॉलमधला दिवाण त्याचा, आणि टीव्ही दिवाणासमोरच असल्यामुळे टीव्हीही त्याचाच. पहाटे साडेपाचला कंपनीची बस पकडायची असली तरी रात्री साडेबाराची मॅच तो सोडत नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडात घड्याळं तासभर मागे नेतात, मग साडेबाराची मॅच आमच्याकडे दीडला लागते. "घड्याळ त्यांचं आणि झोप आमची," असं बायको म्हणते, आणि "मी झोपतो आता, आवाज बारीक ठेवा," असं बजावून आत जाते. (कोल्हापूरच्या बायका 'मी जातो, मी झोपतो' असंच म्हणतात. लग्नाला अठरा वर्षं झाली, माझे पुणेरी कान अजून दचकतात.)

आवाज टीव्हीचा नसतोच. मेहुण्याचा असतो.

"दाजी, हे काय खरं न्हाई."

हे वाक्य तो पहिल्यांदा म्हणतो ते मॅचच्या तासभर आधी, अकरा जणांची यादी मोबाईलवर येते तेव्हा. गोल खाल्ल्यावर म्हणतो यात नवल नाही, पण आपण गोल केला तरी म्हणतो. दोन गोलांची आघाडी मिळाली तर आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा आवाज खाली आणून म्हणतो, "आता तर अजिबातच खरं न्हाई. दोन गोल म्हंजे ही माजणार." गोलकीपर त्याच्या मते हाताला तूप लावून उतरतो. हॅरी मग्वायरला 2019 साली 80 मिलियन पौंड मोजले, हे त्याला कोणी तरी सांगितलं आणि मला पश्चात्ताप झाला, कारण सांगणारा मीच होतो. "एवढ्यात रंकाळ्याची अख्खी कड आली असती दाजी, मासळीसकट!"

माझी भक्ती मात्र जुनी. 26 मे 1999. त्या दिवशी टाँटनला वर्ल्ड कपमध्ये श्रीलंकेची धुलाई झाली होती. गांगुली 183, द्रविड 145, दोघांची भागीदारी 318 धावांची. मॅच संपली तरी आनंदाने झोप येईना, म्हणून रिमोटशी चाळा करत बसलो, तर मध्यरात्री बार्सिलोनातली कुठली तरी फायनल लागली. लाल शर्टवाले बायर्न म्युनिककडून 1-0 ने हरत होते. नव्वद मिनिटं संपली, आणि वरच्या मिनिटांत शेरिंगहॅमने एक आणि सोल्शायरने एक असे दोन गोल ठोकले. बायर्नवाले मैदानावर आडवे. मला वाटलं, हे बरं आहे, ही माणसं हरत असली तरी हरत नाहीत. एका दिवसात दोन स्वर्ग बघितले. टाँटनच्या स्वर्गाचा हिशोब तिथेच चुकता झाला, दुसऱ्याचे हप्ते अजून फेडतो आहे.

म्हणजे खरं सांगायचं तर पडत्या काळात साथ द्यायला मी आलोच नव्हतो. जेवणावळ चालू बघून मांडवात शिरलो. चौदा वर्षं पानावर जिलब्या पडत राहिल्या. 2013 च्या मे महिन्यात मॅनेजर सर ॲलेक्स फर्ग्युसन क्लबची विसावी लीग, म्हणजे इंग्लंडचं अजिंक्यपद, खिशात घालून निवृत्त झाले, आणि पंगत उठली. मग मोयेस, व्हान गाल, मोरिन्यो, तोच बार्सिलोनावाला सोल्शायर, टेन हाग, अमोरिम. मधूनमधून एखादा कप हाती लागला, 2024 ला तर मँचेस्टर सिटीला, म्हणजे गावातल्याच दुसऱ्या क्लबला, हरवून एफए कप आला, पण लीग नाही. प्रत्येक नव्या माणसाच्या वेळी मी म्हणालो, वेळ द्यायला हवा. दिला. आम्हीच दिला, रात्रीचा.

समोरच्या ब्लॉकमधला आठवीतला मुलगा मँचेस्टर सिटीचा आहे. 2012 चा जन्म. लिफ्टमध्ये तो मला अतिशय सभ्यपणे विचारतो, "काका, तुमची टीम पूर्वी चांगली होती ना?" जणू मी हॉकीतल्या ध्यानचंदांच्या काळाबद्दल सांगणार आहे. आता याला कसं सांगू, की एके काळी आमच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डला, आमच्या लोकांनी एक फलकच लावून ठेवला होता, सिटीला कप मिळून किती वर्षं झाली त्याचा, आणि दर वर्षी त्यावरचा आकडा बदलायचे? पस्तिसापर्यंत गेला होता. 2011 ला सिटीने एफए कप जिंकला आणि फलक उतरवावा लागला. मेहुण्याला ही हकीकत कळली तेव्हा तो म्हणाला, "आता त्या पोराच्या बाल्कनीत लागणार बघा, आपल्या नावाचा."

'आपल्या' हा शब्द ध्यानात ठेवा. त्यावर पुढे यायचं आहे.

पुणेकराला युनायटेडची दुरवस्था समजायला फार कष्ट पडत नाहीत, कारण हे प्रकरण सरळसरळ वाड्याचं आहे. घराणं खानदानी. 2005 साली ग्लेझर कुटुंबाने वाडा विकत घेतला, त्यासाठी कर्ज काढलं, आणि त्यातलं बरंचसं वाड्याच्याच बोकांडी बसवलं. भाडेकरूंनी आरडाओरडा केला. काही जण तर उठून गेले आणि त्याच वर्षी त्यांनी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर नावाचं स्वतःचं बिऱ्हाड थाटलं. उरलेल्यांनी 2010 मध्ये हिरवे-पिवळे मफलर गुंडाळले, मूळ पुरुषाचे, म्हणजे क्लबचं नाव न्यूटन हीथ होतं त्या काळातले रंग म्हणून. मालक ढिम्म. 2024 च्या मे महिन्यात आर्सेनलकडून हरलो त्या दिवशी धो धो पाऊस आला आणि ओल्ड ट्रॅफर्डच्या छपरातून प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर धबधबा कोसळला. सदाशिव पेठेत हे दृश्य बघून कोणी मान वर केली नसती, पण मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

मेहुण्याचं तसं नाही. तो फुटबॉलच्या मांडवात शिरलेला नाही, जन्मला आहे. त्याच्या वडिलांनी त्याला खांद्यावर बसवून शाहू स्टेडियमला नेलं. तिथे तालमींच्या टीम खेळतात, आणि तालीम आपण निवडत नाही. ज्या पेठेत जन्मलो ती आपली. एकदा मीही गेलो होतो, सासरेबुवांबरोबर. नव्वद मिनिटं मागच्या पायरीवरचा एक गृहस्थ आपल्याच लेफ्ट बॅकचा उद्धार करत होता. चाल, उंची, बुद्धी, काही सोडलं नाही. मी सासऱ्यांना हळूच विचारलं, "एवढा राग आहे तर येतात कशाला?" सासरे म्हणाले, "पोरगाय त्यांचा त्यो."

हे सगळं माहीत असून मी मेहुण्याला सुधारायला गेलो. म्हटलं, "अरे, तुझ्यासारख्या नकारात्मक लोकांमुळे संघाचं खच्चीकरण होतं. 2014 ला काही लोकांनी वर्गणी काढून भाड्याचं विमान उडवलं होतं, 'मोयेस हटाव'चं फडकं लावून. खालून आपल्याच लोकांनी त्या विमानाची हुर्यो उडवली. आणि संघ त्या दिवशी 4-1 ने जिंकला!"

"मग पुढं?"

"पुढं काय?"

"महिन्याभरात काढला का न्हाई त्याला?"

काढला होता. मी दुसरं उदाहरण घेतलं, हमखास वजनाचं. डिसेंबर 1989. फर्ग्युसन येऊन तीन वर्षं झालेली, हाती काही नाही, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध घरच्या मैदानावर पराभव. त्या दिवशी एका प्रेक्षकाने फडकं झळकावलं. अर्थ असा, की तीन वर्षं नुसत्या सबबी आणि खेळ अजून भिकारच, टाटा फर्गी! "आणि पाचच महिन्यांत फर्ग्युसननी एफए कप आणला. पुढे तेरा वेळा लीग! कळलं? ऐकलं असतं त्या निगेटिव्ह माणसाचं तर?"

मेहुणा थोडा वेळ गप्प बसला. मला वाटलं, मुद्दा पोचला.

"दाजी, पण त्यो मॅचला आलता न्हवं? डिसेंबरच्या थंडीत? फडकं रंगवून?"

मी पाणी प्यायला उठलो.

2024-25 चा मोसम कसा गेला हे थोडक्यात सांगतो, कारण विस्ताराने सांगण्यासारखं त्यात काही नाही. 38 सामन्यांत 18 पराभव, 42 गुण, पंधरावा नंबर. शाळेत पंधरावा नंबर आला तर आई शेजाऱ्यांना 'पहिल्या वीसात आहे' म्हणून सांगते. इथे वर्गातच वीस जण. त्या हिवाळ्यात माझ्या बोलण्यात एक बदल झाला, बायकोने पकडला. जिंकलो की मी 'आपण' म्हणायचो, हरलो की 'ते'. "काल ते फारच वाईट खेळले." मेहुणा शिव्या घालतानाही 'आपलं' सोडत नव्हता. "आपली डिफेन्स म्हंजे कोल्हापूरचं एसटी स्टँड. कुणी बी या, कुणी बी जा."

आणि मग ती ल्योंची रात्र.

युरोपा लीगची उपांत्यपूर्व फेरी, 17 एप्रिल, म्हणजे आपल्याकडे 18 उजाडलेली. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडेची सुट्टी, म्हणून बायकोनेही हरकत घेतली नाही. पहिली मॅच त्यांच्याकडे, फ्रान्सात ल्योंमध्ये, 2-2 झालेली; दोन्ही मॅचचे गोल मिळून निकाल. ओल्ड ट्रॅफर्डवर आपण 2-0 ने पुढे. मेहुणा म्हणाला, "खरं न्हाई." सत्तर मिनिटांच्या पुढे ल्योंने दोन गोल फेडले. त्यांचा एक माणूस लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. जादा वेळात दहा जणांच्या ल्योंने आणखी दोन घातले. 4-2. रात्रीचे तीन वाजायला आलेले, अकरा मिनिटं उरलेली, दोन गोल मागे.

मी उठलो. पांघरूण काखेत मारलं आणि अत्यंत सकारात्मक स्वरात म्हणालो, "असू दे रे, पुढच्या मोसमात बघू. झोप आता."

मेहुणा टीव्हीकडे बघत म्हणाला, "ह्यास्नी पैसं कशाचं देत्यात वो?" पण जागचा हलला नाही.

मी झोपलो. समजूतदार माणसाला झोप पटकन लागते. किती वेळ गेला कोण जाणे, अचानक हॉलमधून असा आवाज आला की मला वाटलं दिवाण मोडला. पाठोपाठ वरच्या मजल्यावरून काठी आपटल्याचा आवाज. बायको दचकून उठली, "दादाला काय झालं बघा!" धावत गेलो तर मेहुणा दिवाणावर उभा, बनियनवर, डोळ्यांत पाणी, आणि टीव्हीवर मग्वायर दोन्ही हात पसरून पळतोय. 114 व्या मिनिटाला ब्रुनोची पेनल्टी, 120 व्याला मेनू, 121 व्याला मग्वायरचं हेडर. 5-4. एकूण 7-6.

"दाजी! रंकाळा, दाजी, रंकाळा! अख्खी कड वसूल!"

पंचवीस वर्षांच्या माझ्या भक्तीतला 1999 नंतरचा सगळ्यात मोठा क्षण, आणि मी तो पांघरुणात घालवला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्या आठवीतल्या मुलाने विचारलं, "काका, बघितली ना काल?" मी म्हणालो, "म्हणजे काय!" मागे मेहुणा उभा होता. तो काहीही बोलला नाही. एवढा मोठेपणा मी त्याच्या जागी असतो तर दाखवला नसता.

त्या आनंदावर बिलबावला विरजण पडलं. फायनल टॉटनहॅमशी, म्हणजे त्या वर्षी आपल्यापेक्षाही खाली सतराव्या नंबरवर असलेल्यांशी, आणि 1-0 ने हरलो. तो गोल तरी धड असावा! धक्काबुक्कीत कोणाला तरी लागून गेला. मी शेवटपर्यंत जागा होतो. ल्योंचं प्रायश्चित्त म्हणून जागलो आणि नेमकं ते बघायला मिळालं.

पण खरा कडेलोट 2025 च्या गणेश चतुर्थीला. 27 ऑगस्ट. मेहुण्याला एकच दिवस सुट्टी, म्हणून तो कोल्हापूरला न जाता इथेच. सकाळी प्रतिष्ठापना, दुपारी एकवीस मोदक (आम्ही धरून मोजले तर जास्त), आणि रात्री साडेबाराला लीग कपची मॅच, ग्रिम्स्बी टाउनशी. चौथ्या पायरीवरचा क्लब. बंदराचं, मासेमारीचं गाव. त्यांचे समर्थक हवा भरलेले मासे घेऊन मॅचला येतात. मी म्हणालो, "आज तरी निवांत बघ." अर्ध्या तासात 2-0, त्यांच्या बाजूने. बाहेर तिकडे पाऊस, आणि अमोरिम बाकावर बसून हातातल्या फळ्यावरच्या सोंगट्या इकडून तिकडे सरकवत होते.

मेहुणा माझ्याकडे वळला. "दाजी, संध्याकाळी गच्चीत गेलता न्हवं?"

"कपडे काढायला."

"चंद्र बघितला?"

मी गप्प. दिसला होता थोडासा.

"झालं तर मग."

कशीबशी 89 व्या मिनिटाला मग्वायरनेच बरोबरी केली. मग पेनल्ट्या. पाच संपल्या, दहा संपल्या, गोलकीपरसुद्धा मारून गेले. आपल्याला जिंकायची एक संधी आली ती कुन्याने घालवली. शेवटी आपल्याच एम्ब्युमोचा चेंडू आडव्या खांबाला आदळला. 12-11. घरात चतुर्थी, मखरात बाप्पा, आणि आम्हाला मासेवाल्यांनी खाल्लं. मेहुण्याने उठून समईत तेल घातलं. बाप्पाकडे बघत एवढंच म्हणाला, "तुमचा काय दोष न्हाई."

पहाटे साडेपाचला तो बसला गेला. मी ठरवलं, बास. वय झालं, रक्तदाबाची गोळी चालू आहे. आता क्रिकेट.

शनिवारी साडेसातला आरती. बायकोचा दंडक, आरतीला टीव्ही बंद. त्याच वेळी बर्नलीशी मॅच सुरू. मी मुद्दाम लांबण लावली, दोन आरत्या जास्त म्हटल्या, मंत्रपुष्पांजली संथ. मेहुणा टाळ असा वाजवत होता की ताल कोल्हापूर स्टँडवरून सुटलेल्या गाडीचा. प्रसाद तोंडात असतानाच टीव्ही लागला. मी आत जाऊन वर्तमानपत्र उघडलं. 1-0. 1-1. 2-1. 2-2. हे सगळं मला न बघता कळत होतं, कारण भिंतीतून मेहुणा येत होता. नव्वदच्या वरच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली. आठवड्यापूर्वीच फुलहॅमला ब्रुनोने अशीच पेनल्टी आकाशात धाडली होती. मी वर्तमानपत्रासकट हॉलच्या दारात येऊन उभा राहिलो.

"घालवतंय बघा," मेहुणा म्हणाला. त्याने तोंडावर उशी धरली होती आणि उशीच्या वरून एक डोळा बाहेर होता.

97 वं मिनिट. ब्रुनो. जाळ्यात.

वरच्या मजल्यावर काठी. बायको पोळ्या टाकून बाहेर आली, लाटण्यासकट. मेहुण्याने उशी खाली ठेवली, घाम पुसला, आणि म्हणाला, "बर्नलीसंगं सत्त्याण्णव मिनिटं लागत्यात आपल्याला! पुढची कुणाशी?"

"सिटी. चौदा तारखेला, त्यांच्या मैदानावर. रात्री नऊला."

"दाजी, हे काय खरं न्हाई," असं म्हणत त्याने मोबाईल काढून आठवण लावली.

"चौदाला?" बायकोने लाटणं कमरेवर टेकवलं. "चौदाला संध्याकाळी तुझी खोली बघायला जायचंय न्हवं? मालकाला शब्द दिलाय मी."

मेहुणा विचारात पडला.

"अक्का, टीव्ही हाय का तिथं?"