‘आरोग्यावर मते मिळत नाहीत’ : राजस्थानचा चुकीचा दाखला

काँग्रेसचे तत्कालीन मुख्यमंत्री अशोक गेहलोत यांनी राजस्थानात २५ लाखांचा आरोग्य विमा दिला, पुढे ५० लाखांचे आश्वासन दिले आणि तरीही २०२३ मध्ये त्यांचे सरकार गेले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात महाविकास आघाडीने २५ लाखांची हमी दिली आणि तीही सपाटून हरली. सबब आरोग्यावर मते मिळत नाहीत, उमेदवाराने त्या फंदात पडू नये, असा युक्तिवाद निवडणूक जवळ आली की हमखास फिरू लागतो. त्यातल्या घटना खऱ्या आहेत, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

आधी राजस्थानचा पराभव पाहू. काँग्रेसला तेथे २०१८ मध्ये सुमारे ३९.३ टक्के मते होती, २०२३ मध्ये सुमारे ३९.५ टक्के. म्हणजे ज्या मतदाराने योजनेकडे पाठ फिरवली असे सांगितले जाते, त्याने पक्षाकडे पाठ फिरवल्याचे आकड्यांत दिसत नाही. भाजपचा वाटा मात्र ३८.८ वरून ४१.७ टक्क्यांवर गेला आणि दोन टक्क्यांच्या आसपासच्या फरकाने काँग्रेस ६९ जागांवर, तर भाजप ११५ वर पोहोचला. १९९८ पासून त्या राज्यात दर निवडणुकीत सरकार बदलत आले आहे. शिवाय भरती परीक्षांच्या पेपरफुटीचा संताप होता आणि गेहलोत आणि त्यांचेच पक्षसहकारी सचिन पायलट यांचे भांडण तर चव्हाट्यावरच होते. मते टिकली ती ‘चिरंजीवी’मुळे, म्हणजे २५ लाखांच्या त्या विमा योजनेमुळेच, असा उलटा दावा मी करणार नाही. २०११ मध्ये सुरू झालेली मोफत औषध योजना गाठीशी असतानाही याच गेहलोतांच्या पक्षाला २०१३ मध्ये अवघ्या २१ जागा मिळाल्या होत्या.

मात्र जिंकणाऱ्यांनी पुढे काय केले, हे या युक्तिवादात कधीच येत नाही. २०११ ची औषध योजना नंतरच्या भाजप सरकारने चालू ठेवली. २०२३ नंतर ‘चिरंजीवी’चे नाव बदलून ‘मा’ योजना झाले, पण २५ लाखांची मर्यादा तशीच राहिली. जी गोष्ट मतदाराच्या खिजगणतीत नाही, ती विरोधकाने सुरू केलेली असूनही कोणता पक्ष सत्तेत आल्यावर सरकारी खर्चाने चालवील? आपल्याकडे ‘राजीव गांधी जीवनदायी’ या आरोग्य योजनेचे २०१७ मध्ये ‘महात्मा फुले’ झाले, तेही असेच.

महाराष्ट्राचा दाखला तर अधिकच लंगडा आहे. राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारकांना ५ लाखांचे संरक्षण देण्याचा निर्णय सत्ताधाऱ्यांनी २०२३ मध्येच घेतला होता. आघाडीची २५ लाखांची हमी पाच हमींपैकी एक होती आणि महिलांना दरमहा ३,००० की २,१०० या चढाओढीत तिचा आवाज कोणाच्या कानी पडला असेल, याची मला शंकाच आहे. त्याहून मोठी अडचण आकड्यातच आहे. या योजनांत रुग्णालयाला ठरलेल्या पॅकेजच्या दराने पैसे मिळतात आणि बहुतेक उपचारांची पॅकेजे ५ लाखांच्या पुष्कळ खाली असतात, त्यामुळे मर्यादा पाचपट केली तरी बहुतेक कुटुंबांच्या अनुभवात काडीचाही फरक पडत नाही. रुग्णाचे नातेवाईक शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनिसाच्या, टेबलापुढे उभे राहतात, तेव्हा त्यांचे प्रश्न वेगळेच असतात: हे रुग्णालय योजनेत अंगीकृत, म्हणजे समाविष्ट, आहे का, हा आजार यादीत आहे का, पूर्वमंजुरी आज येईल की परवा. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या तर महिन्याच्या महिन्याला विकत घ्याव्या लागतात, आणि भरती न होता घेतलेल्या अशा रोजच्या उपचारांना हा विमा जवळपास शिवतच नाही.

‘निरोगी माणूस आजारपणाच्या नावाने मत देत नाही’ हा उरलेला मुद्दा. आंध्र प्रदेशात राजशेखर रेड्डी यांनी २००७ मध्ये आरोग्यश्री ही आरोग्य विमा योजना सुरू केली आणि २००९ मध्ये सत्ता राखली. विरोधी मते फुटली होती हे खरे, पण योजना हे त्यांच्या प्रचाराचे ठळक भांडवल होते. दिल्लीत २०२५ मध्ये मोहल्ला क्लिनिकवाला, म्हणजे वस्त्यांत सरकारी दवाखाने काढणारा, आम आदमी पक्ष हरला, हे आवर्जून सांगितले जाते. जिंकलेल्या भाजपने केंद्राची आयुष्मान आरोग्य विमा योजना पहिल्याच मंत्रिमंडळ बैठकीत मंजूर करण्याचे वचन देऊन प्रचार केला होता, हे मात्र गाळले जाते. तिथे दोन्ही बाजू आरोग्यावरच मते मागत होत्या.

गेहलोतांच्या प्रचारावर टीका करायचीच असेल, तर ती वेगळ्या जागी व्हायला हवी. मार्च २०२३ मध्ये राजस्थान विधानसभेने आरोग्य हक्काचे विधेयक संमत केले, खासगी डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले आणि ४ एप्रिलच्या समझोत्यात सरकारी जमिनीची वा इमारतीची सवलत न घेतलेली खासगी रुग्णालये वगळण्याचे सरकारने मान्य केले. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला कोणी नाकारता कामा नये, हा त्या कायद्याचा गाभा. पण त्याची अंमलबजावणी ठरवणारे नियम मतदानापर्यंत निघालेच नाहीत, आणि प्रचारात ५० लाखांचा आकडा तेवढा झळकत राहिला.