फॉस्टसला कोणी फसवलं नव्हतं

क्रिस्टोफर मार्लोच्या 'डॉक्टर फॉस्टस' या जुन्या इंग्रजी नाटकाबद्दल (24 वर्षांच्या सेवेच्या बदल्यात सैतानाला आत्मा लिहून देणाऱ्या विद्वानाची गोष्ट) एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, की बिचाऱ्या विद्वानाला सैतानाने गोड बोलून फसवलं, अटी लपवल्या, सही केल्यावर परतीचा रस्ताच नव्हता, पण निदान 24 वर्षं मागेल ते मिळालं. चारही गोष्टी चूक आहेत, आणि नाटक इतकं जवळचं आहे की गप्प बसवत नाही.

गोड बोलून? अहो, सैतानाचा दूत मेफिस्टोफिलिस पहिल्याच भेटीत सांगतो की हाच नरक आहे, मी त्यातून बाहेर आलोच नाहीये, आणि वर कळवळून म्हणतो हे प्रश्न सोड, माझा जीव घाबरा होतो. उलट फॉस्टसच त्याला धीर धरायला शिकवतो!

अटींचं म्हणाल तर 24 वर्षांचा आकडा फॉस्टसनेच सुचवलाय, करारनामा त्याच्याच हातचा, पाचही अटी तोच मोठ्याने वाचून दाखवतो. लिहिता लिहिता दंडातलं रक्त गोठतं, मेफिस्टोफिलिस ते वितळवायला निखारे आणायला जातो आणि तेवढा वेळ हा एकटाच असतो, तेव्हाही स्वतःला काय विचारतो तर आत्मा माझाच आहे ना, मग का नको? नंतर हातावर लॅटिन अक्षरं उमटतात, 'माणसा, पळ'. तरी कागद देतोच.

एक मान्य करते, नाटकाच्या 1616 च्या छापील प्रतीत शेवटी मेफिस्टोफिलिस म्हणतो की बायबलची पानं मी उलटली, तुझी नजर मी वळवली. त्याआधीच्या, 1604 च्या प्रतीत हे नाहीये. पण धरलं तरी करार लिहिणारा हात फॉस्टसचाच ना.

परतीचा रस्ता बंद होता तर नाटकातला एक म्हातारा शेवटी शेवटी त्याला पश्चात्ताप कर म्हणून का विनवतो? फॉस्टस हलतो, मेफिस्टोफिलिस चिरफाड करीन म्हणून धमकावतो आणि हा परत रक्ताने सही करतो. पहिल्या सहीने सगळं संपलं असतं तर दुसरीची गरजच काय होती?

आणि मागेल ते? बायको मागितली तर मेफिस्टोफिलिसने बाईच्या वेषातला सैतान पुढे केला, जग कोणी निर्माण केलं विचारलं तर सांगणार नाही म्हणाला. मागेल ते आणून द्यायचं ही तिसरी अट, ती तिथेच मोडली, फॉस्टसने जाब विचारला नाही. जर्मनीभोवती पितळेची भिंत बांधीन, ऱ्हाइन नदी विटेनबर्गभोवती वळवीन म्हणणारा माणूस, आणि शेवटी काय आणतो तर एका गरोदर डचेससाठी जानेवारीत द्राक्षं.