तोरणमाळला येता तरी कशाला?

रविवारी दुपारी दोनला सातपुड्यातल्या या थंड हवेच्या ठिकाणी पोचायचं, गाडी यशवंत तलावाच्या पार काठाला भिडवायची, चार फोटो काढायचे आणि तोंड वाकडं करायचं, "अठे काय शे भो, नुसतं पानी!" दुपारच्या उन्हात दुसरं काय दिसणार? सीताखाईचा धबधबा एप्रिलमध्ये शोधणारे तर धन्यच. तो पावसाळ्याचा. आणि पावसाळ्यात आलात की धुक्यात खाईच दिसत नाही म्हणून पुन्हा रड. पाऊस सरत आल्यावर या, सकाळी लवकर या. पण नाही, ढाब्यावर शेवभाजी हाणल्याशिवाय वाटेतलं शहादा सुटत नाही यांचं!

इथे चढून येणाऱ्या सातपायरी घाटात तर डोकंच फिरतं. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा साधा नियम. पण उतरणारा वळणावर मधोमध घुसतो, हॉर्न न देता. त्यातून पेट्रोल वाचवायला न्यूट्रल! अरे बाबा, हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंदच होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट सगळा भार ब्रेकवर. सतत दाबून ब्रेक तापतात, ब्रेक ऑइल उकळतं, पेडल भसकन खाली जातं. काही शहाणे इंजिनच बंद करतात, मग दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो. दुसऱ्या गिअरमध्ये उतरायला काय जातं?

तलावात फेकलेली बाटली वाहून जात नसते, ही नदी नाही. ती कुजतही नाही, तिथेच पडून राहते.

आणि सगळ्यात संताप येतो तो "मोहाची वाइन मिळेल का, एकदम ओरिजिनल?" या प्रश्नाचा. वाइनच हवी तर नाशिकला जा, तिथे चाखायला खास दालनं आहेत, बिलही मिळतं. इथे मार्च-एप्रिलात पहाटे मोहाची फुलं गळतात, बाया-पोरं टोपल्या घेऊन ती वेचतात, उन्हात वाळवतात. ती भिल्ल-पावरा घरांची वर्षाची मिळकत आहे, तुमचा टूर पॉइंट नाही. वाइन नुसती आंबवलेली असते. मोहाची आंबवून, उकळून, वाफ थंड करून गाळलेली दारू असते, ग्लासवर ग्लास रिचवायची नव्हे. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय गाळणं-विकणं गुन्हा. तुम्ही दोनशे रुपये टेकवून मोकळे, केस होते ती घरधन्यावर. आणि तीच पिऊन अंधारात सातपायरीला परत गाडी न्यूट्रल!