मोठ्या बॉयलरआधी उष्णतेचा हिशेब
घराला खोल्या वाढवल्या की पाणी तापवून घर उबदार ठेवणारा तेलावरचा बॉयलरही मोठा घ्यावा, हे एका लेखातील मत मला घाईचे वाटते. इंग्लंडच्या ज्या खेड्यांत गॅसची वाहिनी पोहोचलेली नाही, तिथे केरोसीनवरचा जुना बॉयलर बरेचदा मुळातच गरजेपेक्षा मोठा असतो; म्हणून प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते, याचा हिशेब आधी करून घ्यावा. कंडेन्सिंग बॉयलरचा (म्हणजे धुरातील वाफेचे पाणी करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या बॉयलरचा) खरा फायदा खोल्यांतून त्याच्याकडे परत येणारे पाणी फार गरम नसून कोमट असेल तेव्हाच मिळतो. रेडिएटर, म्हणजे गरम पाण्याने खोली तापवणारे पत्रे, मोठे असले की कमी गरम पाण्यावरही खोली उबदार राहते; त्यामुळे पैसे खर्चायचेच तर ते नव्या खोलीतील रेडिएटर मोठे घेण्यावर खर्चावेत. शिवाय अग्निरोधक आडोसा नसेल तर तेलाची टाकी घरापासून १.८ मीटर दूर असावी लागते आणि वाढीव बांधकामाची भिंत नेमकी तिच्याच दिशेने सरकते, याकडे नकाशा काढताना हमखास दुर्लक्ष होते.