खुलासा : चुंबक चिकटलं म्हणजे एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) गंजमुक्त नव्हे

‘सिलला (दाराखालच्या पत्र्याच्या भागाला) चुंबक चिकटलं की गाडी बिनधास्त घ्या’ हा सल्ला अर्धवट आहे. चुंबकाने फक्त जाड पुट्टी ओळखता येते, कारण तिच्यावर ते चिकटत नाही. सडलेल्या सिलवर नवा पत्रा वेल्ड केला असेल, तर चुंबक त्यालाही घट्ट चिकटतं!

१९६२ ते १९८० दरम्यान बनलेल्या एमजीबीला वेगळी चासी नाही. बाहेरचा सिल, मधला पडदा, आतला सिल या तिन्ही थरांवरच बराचसा भार असतो. रोडस्टरला, म्हणजे उघड्या मॉडेलला, पक्क्या छताचाही आधार नसतो.

म्हणून दाराची फट बघा. वरच्या बाजूला ती निमुळती होत असेल तर सांगाडा खचलाय. मग एका बाजूने जॅक लावा, दार उघडून बंद करा. अडकलं, तर रंग कितीही चकचकीत असो, सौदा थांबवा. गालिचा उचलून आतला सिलही चाचपा. विक्रेता कुरकुरेल, कुरकुरू द्या.