काल रात्री पार्किंगमध्ये दिसलेल्या सर्व मंडळींसाठी

आज सकाळी उठलो (सकाळी म्हणजे साडेअकराला, नवीन वर्षाचा पहिला संकल्प तिथेच मोडला) आणि अर्धवट डोळ्यांनी आपला ग्रुप उघडला तर २१४ मेसेज. हॅपी न्यू इयरचे फुलाफुलांचे फोटो पुढे ढकलत ढकलत खाली आलो तर एका गृहस्थांनी रात्री १२:०९ ला टाकलेलं, "नेव्हर डाउटेड! शेवटपर्यंत विश्वास होता! गो डॉग्स!!" आणि त्याखाली सत्तावीस लाल बदाम.

माझं डोकंच फिरलं. कारण या गृहस्थांना मी स्वतः, याच डोळ्यांनी, रात्री सव्वाअकराच्या सुमारास पार्किंग डेकच्या बाहेर पडायच्या रांगेत पाहिलंय. त्यांची गाडी माझ्या बरोब्बर पुढे होती, मागच्या काचेवर मंडळाच्या गणेशोत्सवाचं स्टिकर. मॅच चालू होती, जॉर्जिया मागे होती, आणि साहेब ब्लिंकर लावून घरी निघाले होते. कसला विश्वास आणि कसलं शेवटपर्यंत?

आता तुम्ही विचाराल की मग तू सव्वाअकराला पार्किंगमध्ये काय करत होतास. सांगतो, थांबा. आधी त्यांच्यावरचा राग तरी काढू दे.

भारतातल्या मित्रांसाठी थोडक्यात. काल ३१ डिसेंबर २०२२ ला इथे अटलांटाच्या मर्सिडीज-बेंझ स्टेडियममध्ये पीच बोल होता, म्हणजे कॉलेज फुटबॉलची सेमीफायनल. हे फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं नाही, ते हेल्मेटवालं. युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया विरुद्ध ओहायो स्टेट. जॉर्जिया गेल्या वर्षीची चॅम्पियन, या सीझनला एकही मॅच न हरलेली, क्रमवारीत पहिली. माझी मुलगी तिथे, जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावी, थर्ड इयरला आहे, त्यामुळे घरात तीन वर्षं टीमच्या लाल-काळ्याशिवाय दुसरा रंग नाही. आणि कॉलेजच्या टीमवर माणसं इतका जीव टाकतात याचं मला सुरुवातीला हसू यायचं हो. आमच्या कॉलेजला कबड्डीची टीम होती एवढं आठवतं, कॅप्टन कोण होता विचाराल तर मी गप्प. इथे सत्तर वर्षांचा आजोबा चाळीस वर्षांपूर्वीच्या क्वार्टरबॅकच्या (म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणाऱ्याच्या) नावाने रडतो. पण अथेन्सच्या स्टेडियममध्ये नव्वद हजार माणसं एकदम कुत्र्यासारखी भुंकतात (खरंच भुंकतात, टीमचं चिन्ह बुलडॉग आहे) ते एकदा ऐकलंत की तुम्ही पण भुंकायला लागता. मी सांगलीचा माणूस, मी भुंकलोय.

तर काल दोन तिकिटं, ती आणि मी. शेजारी-शेजारी सीट. मध्ये नाचोजचा मोठा डबा, तो मी लाइनीत वीस मिनिटं उभा राहून आणलेला. हे नाचोज लक्षात ठेवा.

ओहायो स्टेट काय खेळली म्हणून सांगू. त्यांचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड, पोराने अक्षरशः धुतलं आपल्याला, चार टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला की सहा पॉइंट) टाकले. हाफटाइमला २८-२४ आणि तिसरा क्वार्टर संपता संपता ३८-२४. चौदा पॉइंट मागे. स्टेडियममध्ये आमच्या बाजूला एकदम सुतकी शांतता.

आणि मग जे सुरू झालं त्यावर मला खरं बोलायचंय. माणसं उठायला लागली. आधी एक-दोन, मग रांगाच्या रांगा. जॅकेट घातलं, पोराचा हात धरला, निघाली. वर आणि बोलतात काय, "यांच्यात दमच नाही, बेनेट ओव्हररेटेड आहे." अरे, कोण ओव्हररेटेड? आपला क्वार्टरबॅक स्टेट्सन बेनेट? ज्याला स्कॉलरशिप मिळाली नव्हती, जो वॉक-ऑन म्हणजे स्वखर्चाने टीममध्ये आला, मग खेळायला मिळेना म्हणून मिसिसिपीतल्या एका छोट्या ज्युनियर कॉलेजला गेला आणि तिथून परत आला, पोस्टखात्याची टोपी घालून कँपला यायचा म्हणून ज्याला लोक अजून 'मेलमन' म्हणतात, त्याच पोराने गेल्या जानेवारीत इंडियानापोलिसला अलाबामाला हरवून ४१ वर्षांनी ट्रॉफी आणली. तेव्हा हीच मंडळी त्याचे फोटो डीपीला लावून फिरत होती. एका क्वार्टरमध्ये विसरलात?

मान्य, थर्टी-फर्स्टची रात्र होती, लहान पोरं होती, ट्रॅफिकची भीती होती. मान्य.

ठीक आहे. मी पण निघालो.

लिहून टाकलं एकदाचं. सकाळपासून हेच लिहायचं होतं आणि दुसऱ्यांवर घसरत होतो. हिचा फोन आला होता की घरी पाहुणे जमलेत, समोसे गार झाले, बारा वाजता तरी येणार का. स्कोअर ३८-२४. मी पोरीला म्हटलं, चल गं, संपलंय हे, आत्ता निघालो तर ट्रॅफिक लागणार नाही. तिने माझ्याकडे बघितलं पण नाही. मैदानाकडे बघत म्हणाली, "बाबा, तू जा. मी मैत्रिणींबरोबर येईन." रागाने नाही हां. अगदी नॉर्मल. रागाने म्हणाली असती तर मी बसलो असतो.

तुम्हाला वाटेल काय भेकड माणूस आहे. पण अटलांटात सोळा वर्षं राहून बघा. २०१७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे प्रोफेशनल फुटबॉलच्या फायनलमध्ये, आपली अटलांटाची टीम फाल्कन्स २८-३ ने पुढे होती, पुढे!, आणि हरली. २०१८ च्या जानेवारीत याच स्टेडियममध्ये, याच जॉर्जियाच्या हातात अलाबामाविरुद्धची फायनल होती, ओव्हरटाइमला त्यांना सेकंड अँड ट्वेंटी-सिक्स (दुसरा प्रयत्न आणि अजून सव्वीस यार्ड जायचे) अशा भीषण जागी अडकवलं होतं, आणि एका फ्रेशमन पोराने पुढच्याच प्लेला ४१ यार्डांचा टचडाउन टाकून घरी पाठवलं. या गावात आशा ठेवणं म्हणजे दारात आलेल्या पावसाळ्यात पापड वाळत घालणं. मी माझ्या बाजूने एवढंच म्हणेन.

आणि गंमत म्हणजे हाच मी, ऑक्टोबरमध्ये मेलबर्नच्या मॅचला पहाटे चारला उठून बसलेलो. पाकिस्तानविरुद्ध ३१ वर ४ गेले तेव्हा घरातले सगळे परत झोपायला गेले, मी एकटा सोफ्यावर, गार चहा घेऊन, आणि कोहलीने रौफला मारलेला तो सरळ सिक्स मी लाइव्ह बघितला. त्यानंतर दोन महिने मी प्रत्येकाला सुनावत होतो की तुम्ही झोपलात, मी बसलो. पोरीला पण सुनावलेलं. तिला आठवत असणार. काही बोलली नाही अजून.

तर पार्किंग. गाडी काढली, रांगेत लागलो, पुढे ते स्टिकरवाले साहेब. रेडिओ लावला. जॉर्जियाने एक फील्ड गोल (बॉल लाथेने खांबांमधून, तीन पॉइंट) मारला, ३८-२७, म्हटलं असू दे. मग ओहायोवाल्यांनी पंटचं (बॉल लाथेने लांब मारून समोरच्यांना देण्याचं) नाटक करून पुढे घुसायचा डाव टाकला, डाव जमला पण होता म्हणे, पण त्याच्या निमिषभर आधी आपल्या कोचने, कर्बी स्मार्टने, टाइमआउट घेतलेला. डाव रद्द. त्यांना गुपचूप पंट करावं लागलं आणि लगेच पुढच्या प्लेला बेनेटने बॉल टाकला, समोरचा डिफेंडर पडला, एरियन स्मिथ ७६ यार्ड पळत गेला. वर टचडाउननंतरच्या जादा प्रयत्नाचे दोन पॉइंट. ३८-३५! आख्ख्या डेकमध्ये गाड्यांचे हॉर्न. तळमजल्यापासून वरपर्यंत. मला लक्षात आलं की या रांगेतली प्रत्येक गाडी जॉर्जियाची आहे. आम्ही सगळे पळपुटे एकमेकांना हॉर्न वाजवून अभिनंदन करत होतो.

पुढची गाडी बाहेर पडली. मी रिव्हर्स मारला, रिकाम्या जागेत गाडी घुसवली आणि पळत सुटलो. वय पन्नास, गुडघे साठ.

गेटवरचा माणूस हसला आणि म्हणाला, सर, एकदा बाहेर म्हणजे बाहेर. त्याचं बरोबर होतं, काय बोलणार. मग मी कुठे उभा राहिलो, तर स्टेडियमबाहेर तो अवाढव्य स्टीलचा ससाणा आहे ना, त्याच्या पायाशी. तिथे माझ्यासारखे पंधरा-वीस जण होते, सगळे फोनमध्ये डोकं घालून. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दवाखान्याबाहेर उभे असल्यासारखे. ओहायोचा फील्ड गोल, ४१-३५. मग ५४ सेकंद राहिले असताना बेनेटने ए. डी. मिचेलला टचडाउन टाकला, ४२-४१, आम्ही ओळखदेख नसताना मिठ्या मारल्या. मग स्ट्राउड स्वतः बॉल घेऊन पळाला, २७ यार्ड. आणि मग माझा फोन अडकला. वर्षाची शेवटची मिनिटं, सगळं शहर फोनवर, नेटवर्क मेलं. स्क्रीनवर ओहायो स्टेटचा बॉल, फील्ड गोलच्या टप्प्यात, आणि ते गोल-गोल फिरणारं चक्र.

आणि आतून आवाज आला. मंडळी, तसा आवाज मी आयुष्यात ऐकला नाहीये. पण कुणाचा? ओहायोवाले पण लालच घालतात, ते पण हजारोंनी आलेले. आणि घड्याळात बरोब्बर बारा. म्हणजे हा आवाज जॉर्जियाचा असू शकतो, ओहायोचा असू शकतो, किंवा सरळ नवीन वर्षाचा. तिकडे अंडरग्राउंड अटलांटाला नवीन वर्षाचा पीच ड्रॉप सोहळा होता, तिकडून पण गलका. माझी पोरगी आतमध्ये हसतेय का रडतेय मला माहीत नाही. फोन लागत नाही. मी ससाण्याखाली. दहा-पंधरा सेकंद असतील, पण विचारू नका.

मग गेटमधून पहिली माणसं बाहेर आली. भुंकत.

मी पण भुंकलो. एकटाच, डोळ्यांत पाणी.

आता त्या किकबद्दल. ओहायोचा किकर नोआ रगल्स, फील्ड गोल मारायला गेला, ५० यार्डांवरून, डावीकडे गेली, बरीच डावीकडे. आणि आज दुपारपर्यंत ग्रुपवर त्याचे नऊ मीम आले. बॉल बुर्ज खलिफाच्या बाजूने चाललाय, बॉल सांगलीला पोचलाय, वगैरे. पहिल्याला हसलो, खोटं नाही बोलणार. पण अहो, त्याच पोराने थोडंच आधी ४८ यार्डांवरून मारलेली. ती गेली म्हणून तर फरक एकाच पॉइंटचा होता. आणि ही, वर्षाच्या शेवटच्या सेकंदाला, हजारो माणसं तोंडावर भुंकत असताना. कॉलेजचं पोर आहे ते. माझ्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठं असेल. मॅच तो एकटा हरला नाही आणि निदान मैदानात तरी होता, मी तर पार्किंगमध्ये होतो. ते मीम कृपया मला पाठवू नका. (सांगलीवालं ज्याने केलं त्याने मला वेगळं भेटावं.)

आणि हो, त्यांचा बॉल पकडणारा हुकमी खेळाडू मार्व्हिन हॅरिसन डोक्याला मार लागून बाहेर गेला नसता तर मॅच आपण हरलो असतो. बहुतेक. झालं, लिहिलं. ओहायोतल्या साडूने आता फोन करू नये.

तर स्टिकरवाले साहेब, मी सकाळी तुमच्यावर चिडलो होतो, तुम्हाला ग्रुपवर सगळ्यांसमोर विचारणार होतो की रात्री सव्वाअकराला कुठे होतात. आता एवढं सगळं लिहिल्यावर जोर गेला. पण ते "नेव्हर डाउटेड" तेवढं डिलीट करा हो. नऊ तारखेला लॉस एंजेलिसला टीसीयूशी (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीशी) फायनल आहे, तेव्हा माझ्याकडे या बघायला. शेवटचा पॉइंट होईपर्यंत कुणी उठणार नाही, समोसे मॅचच्या आधी खायचे, गाड्यांच्या चाव्या मी डब्यात ठेवणार.

पोरगी पहाटे तीनला आली. आवाज पूर्ण बसलेला, गालावरचा लाल रंग हनुवटीपर्यंत ओघळलेला. मी जागाच होतो. काही विचारलं नाही, तिने पण काही ऐकवलं नाही, शेजारी बसली आणि फोनवर व्हिडिओ लावला. शेवटच्या किकचा. फोन हातात थरथरतोय, बॉल डावीकडे जातो, ती किंचाळते आणि सवयीने कॅमेरा शेजारच्या सीटकडे वळवते. माझ्या सीटकडे. तिथे एक भलामोठा पांढऱ्या दाढीचा गोरा काका, लाल डांगरी घातलेला, ढसाढसा रडतोय आणि माझ्या मुलीला मिठी मारतोय. मागच्या रांगेतून पुढे येऊन बसला म्हणे, चौथा क्वार्टर सुरू झाला तेव्हा, जागा रिकामी दिसली म्हणून.

आज दिवसभरात तो व्हिडिओ मी अकरा वेळा बघितलाय. नवव्या वेळेला लक्षात आलं की त्याच्या दुसऱ्या हातात माझे नाचोज आहेत.