'कट्ट्यावरचा इतिहास' : एका प्रतिक्रियेला उत्तर

श्री. 'जुना वाचक' यांस,

सप्रेम नमस्कार. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीच्या वरच्या सभागृहावर, म्हणजे लेजिस्लेटिव्ह कौन्सिलवर, मी मागच्या आठवड्यात लेख टाकला आणि त्याला 'सात-बारावाल्यांचा क्लब' म्हटलं. त्याखाली आपण रात्री पावणेदोन वाजता चार परिच्छेद लिहिलेत. मी ते सकाळी चहाबरोबर वाचले आणि चहा गार झाला. बायको म्हणाली, दोन दिवस जाऊ दे, मग उत्तर दे. दोन दिवस गेले. राग गेलेला नाही, पण शुद्धलेखन तरी आता जागेवर आलं आहे.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी: मी कौन्सिलच्या मुदतीचा आकडा चुकवला, व्यापारी, डॉक्टर, वकील अशा सगळ्या सभासदांना एकाच माळेत ओवलं, तीस जणांत मेंढ्यांवर गबर झालेले जमीनदार नेमके किती ते सांगितलं नाही, युरेकाच्या, म्हणजे सोन्याच्या खाणीवरच्या लोकांच्या १८५४ च्या, उठावाचा म्होरक्या पीटर लॉलर कौन्सिलमध्ये होता हे गाळलं. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: 'एक पैसा पगार न घेता दहा-दहा वर्षं कारभार पाहणाऱ्या माणसांना सात-बारावाल्यांचा क्लब म्हणणं हा कट्ट्यावरचा इतिहास झाला.'

आधी चूक कबूल करतो. १८८१ च्या सुधारणेनंतर सभासदाची मुदत दहा वर्षांवरून सहावर आली. मी आठ लिहिलं होतं. आपलं बरोबर, माझं चूक, आभार. चूक दाखवली की मला आनंदच होतो, हे इथले नेहमीचे वाचक सांगतील.

पण 'कट्ट्यावरचा इतिहास'? साहेब, मतभेद असावेत. माझ्या ब्लॉगवर गेली अकरा वर्षं लोक मला दुरुस्त करतात, त्यांतल्या काहींशी माझी घट्ट मैत्री झाली. त्यांच्यापैकी कुणी मला कट्ट्यावर बसवलं नव्हतं. मी सतरा वर्षं मेलबर्नमध्ये राहतो. संसदेच्या नावाच्याच स्टेशनवर रोज उतरून ऑफिसला जायचो. स्प्रिंग स्ट्रीटवरच्या त्या इमारतीत, कौन्सिलच्या लाल गाद्यांच्या आणि कोरीव खांबांच्या दालनात, प्रेक्षकांच्या सज्जात मी किती वेळा बसलोय याचा हिशोब नाही. १८५६ साली बाकीची इमारत व्हायच्या आधी दोन सभागृहांची दालनं तेवढी उभी राहिली होती. त्या खांबांकडे नुसतं बघितलं तरी कळतं की ही खोली कुणासाठी बांधली आहे. हा पुरावा नाही असं आपण म्हणाल. म्हणा.

आता 'एक पैसा पगार न घेता'. या पाच शब्दांसाठीच खरं तर मी लिहायला बसलो.

पगार नव्हता हे खरं आहे. विसावं शतक उजाडलं तरी कौन्सिलच्या सभासदाला पगार नव्हता. पण पगार नसण्याचा अर्थ काय, हे आपण बघायचं टाळलंत. १८५५ च्या राज्यघटनेप्रमाणे या सभागृहात बसायचं तर वय तीस पूर्ण हवं आणि स्वतःच्या मालकीची ५,००० पौंडांची, नाहीतर वर्षाला ५०० पौंड उत्पन्नाची स्थावर मालमत्ता हवी. निवडून देणाऱ्यालाही १,००० पौंडांची किंवा वर्षाला १०० पौंडांची मालमत्ता हवी. पदवीधर, वकील, डॉक्टर, पाद्री यांना मालमत्तेशिवाय मत होतं, हे आपण मला खिजवून सांगितलंत. होतं ना. मत होतं, खुर्ची नव्हती. ज्या डॉक्टरकडे पदवी आहे पण जमीन नाही, त्याने मत द्यायचं आणि बाहेर उभं राहायचं. पहिला अध्यक्ष जेम्स पामर डॉक्टर होता, हे आपलं उदाहरण. तो आत बसला तो स्टेथोस्कोप दाखवून नव्हे.

अशा माणसाला पगार कशाला लागतो? पगार नसणं हा त्याचा त्याग नाही, ते दाराला घातलेलं दुसरं कुलूप आहे. पहिलं कुलूप ५,००० पौंडांचं, आणि ते एखाद्याने उघडलंच तर दुसरं, की पोट कसं भरणार?

आणि या निःस्वार्थी मंडळींनी दुसऱ्याच्या पगाराचं काय केलं? खालच्या सभागृहाच्या, असेंब्लीच्या, सभासदांना १८७० पासून वर्षाला ३०० पौंड मिळू लागले, तेही तात्पुरत्या कायद्याने, पुन्हा पुन्हा मुदत वाढवून घेत. १८७७ साली ग्रॅहम बेरीच्या सरकारने ती रक्कम वर्षाच्या खर्चाच्या विधेयकातच घातली. कौन्सिलला पैशाच्या विधेयकात दुरुस्ती करता येत नव्हती, फेटाळता मात्र येत होतं. त्यांनी सगळं विधेयकच बाजूला ठेवलं. म्हणजे असेंब्लीतल्या गरीब सभासदाला पगार मिळू नये म्हणून अख्ख्या वसाहतीची तिजोरी अडकवली. ९ जानेवारी १८७८ ला बेरीने न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट, सरकारी अधिकारी यांना घाऊक घरी पाठवलं. त्या बुधवारला तिथे अजून 'काळा बुधवार' म्हणतात. बेरी काही संत नव्हता, हे मी लेखातही लिहिलं आहे. पण भांडणाला निमित्त कुठलं होतं? पगार. स्वतःला नको होता तेवढ्यावर थांबले असते तर मीही टोपी काढली असती.

बिनपगारी पदाबद्दल मला कुणी शिकवू नये, साहेब. माझे आजोबा गावच्या सोसायटीत साधे सभासद होते, अडीच एकरवाले. संचालकांना मानधन म्हणून छदाम नव्हता. तरी निवडणूक आली की गावात जेवणावळी उठायच्या. मी लहान होतो. मी विचारलं, आबा, पैसे मिळत नाहीत तर एवढं भांडतात कशाला? आबा म्हणाले, 'कर्ज कुणाला द्यायचं ते तिथं ठरतं बाळा.' आजोबांचा कर्जाचा अर्ज दोन हंगाम त्या टेबलावर पडून होता. टेबलाभोवती बसलेले सगळे बिनपगारी होते. त्यामुळे कुणी माझ्यासमोर 'एक पैसाही घेतला नाही' असं म्हटलं की मी आधी विचारतो, टेबल कुणाचं?

(मी स्वतः इथल्या एका मंडळाचा तीन वर्षं बिनपगारी सेक्रेटरी होतो. गणपतीला पहिल्या रांगेतली खुर्ची मिळायची. मला ती आवडायची. हे आपण वापराल, माहीत आहे.)

आणि व्हिक्टोरियातलं टेबल जमिनीचं होतं. सोन्याच्या खाणी उथळ झाल्या, हजारो माणसं शेतीसाठी जमीन मागत होती, आणि कुरणं स्क्वॉटरांकडे. स्क्वॉटर म्हटल्यावर आपल्याकडे अतिक्रमण करून राहणारा गरीब डोळ्यांसमोर येतो. तिकडे उलटं. सरकारी जमिनीवर मेंढ्या घेऊन आधी बसले, मग परवाने घेतले, मग साहेब झाले. १८६० साली प्रीमियर (मुख्यमंत्री) निकल्सनचं जमीन विधेयक कौन्सिलने कातरून कातरून परत पाठवलं, तेव्हा २८ ऑगस्टला जमावाने संसदेवर धडक मारली. लोक चिडले ते डॉक्टर पामरांच्या औषधांवर नव्हेत.

'एका माळेत ओवलं' म्हणता, तर माळेतले मणी बघू. निल ब्लॅक, ग्लेनॉर्मिस्टनचा स्कॉटिश मेंढ्यावाला, १८५९ पासून १८८० मध्ये मरेपर्यंत वेस्टर्न प्रॉव्हिन्सचा (प्रॉव्हिन्स म्हणजे कौन्सिलचा मतदारसंघ) सभासद. डब्ल्यू. जे. टी. क्लार्क, ज्याच्याइतकी जमीन त्या वसाहतीत फार थोड्यांकडे असेल, पहिल्याच कौन्सिलात सदर्न प्रॉव्हिन्समधून. त्याचा मुलगा सर विल्यम क्लार्क त्याच प्रॉव्हिन्समधून १८७८ ते १८९७. क्रिकेटवाल्यांना हा धाकटा क्लार्क ठाऊक असायला हवा: १८८२ च्या नाताळात इंग्लंडचा कप्तान आयव्हो ब्लाय त्याच्याच रूपर्ट्सवुडच्या वाड्यावर उतरला होता, आणि ॲशेसच्या त्या इवल्याशा कलशाची गोष्ट तिथूनच सुरू होते. बापाची जागा मुलाला, मध्ये थोडी वर्षं सोडून. सात-बारा हा शब्द मी उगाच वापरला का?

तीसपैकी किती? आकडा मी दिला नाही, बरोबर. ब्लॉग आहे, गॅझेटियर नव्हे. शिवाय एखादा मेलबर्नचा व्यापारी ज्या बँकेत बसतो त्या बँकेचं कर्ज कुठल्या कुरणावर आहे, हे पाहिल्याशिवाय नुसती डोकी मोजून काय मिळणार? मोजायचीच असतील तर तुम्ही मोजा. (वर 'आपण' लिहीत होतो, खाली 'तुम्ही' झालं. राहू दे.)

लॉलरचं मात्र गंमतीचं आहे. दुसऱ्याच्या तारखा तपासणाऱ्याने निदान हे तरी तपासायचं. लॉलर १८५५ च्या अखेरीस बॅलराटमधून निवडून आला तो जुन्या कौन्सिलात. १८५१ पासून व्हिक्टोरियात एकच सभागृह होतं, एक तृतीयांश नेमलेलं, बाकी निवडलेलं, आणि त्याचंही नाव लेजिस्लेटिव्ह कौन्सिलच. नोव्हेंबर १८५६ मध्ये दोन सभागृहं सुरू झाली, तेव्हा तो एका हाताचा लढवय्या गेला असेंब्लीत आणि पुढे तिथलाच स्पीकर झाला. माझा लेख ज्या कौन्सिलावर आहे तिच्यात त्याने पाऊल ठेवलं नाही. कट्ट्यावर बसणाऱ्यालाही हे माहीत असतं.

शेजारच्या न्यू साउथ वेल्स वसाहतीत वरच्या सभागृहाचे सभासद गव्हर्नर तहहयात नेमत असे, त्यापेक्षा व्हिक्टोरियाचं निवडणुकीचं सभागृह पुढारलेलं होतं, हा तुमचा चौथा परिच्छेद. असेल. मी न्यू साउथ वेल्सवर लिहिलंच नव्हतं. नेमलेल्या सभागृहात निदान नवे सभासद भरून कोंडी फोडायची धमकी देता येते. तिथे सिडनीत १८६१ साली प्रीमियर कूपरने ती अमलात आणली, आणि जुने सभासद अध्यक्षासकट उठून गेले, त्यामुळे नव्यांचा शपथविधीच होईना. व्हिक्टोरियाचं कौन्सिल बरखास्त करता येत नव्हतं, भरताही येत नव्हतं. सहा प्रॉव्हिन्स, प्रत्येकी पाच जण, दर दोन वर्षांनी प्रत्येकातला एकच निवृत्त. आणि हो, नाना शंकरशेटांनाही १८६२ मध्ये मुंबईच्या कौन्सिलवर श्रीमंतीमुळेच घेतलं, हा टोमणा. नाना नेमलेले होते, त्यांनी मतदाराला पाचशे पौंड दाखवले नव्हते. तो विषय वेगळा आहे आणि इथे फाटे फोडायचे नाहीत.

आणखी बरंच आहे तुमच्या प्रतिक्रियेत, मेलबर्नच्या हवेवरही आहे, पण त्या सगळ्याला उत्तर द्यायला मी काही बिनपगारी सभासद नाही.

आठचे सहा काल रात्रीच केले. 'सात-बारावाल्यांचा क्लब' तसाच ठेवला आहे.